सात बहिणींचा भाऊ

सोलापूर,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

प्रिय पिंट्या,

हे फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत तू त्याचा विनोद करून टाकला असतास, म्हणून लिहितोय. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

काल चौघी बहिणी आल्या होत्या. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि दरवर्षीचा कार्यक्रम सुरू झाला. मी मुलगी बघायला गेलो आणि गरम चहा पँटवर सांडला, ती गोष्ट. ताई सुरू करते, अक्का मीठमसाला लावते, धाकटी माझं अडखळणं करून दाखवते. मेहुणे पोट धरून हसतात, मीही हसतो. काल हसता हसताच उठलो, गच्चीवर गेलो आणि टाकीच्या पाइपला लाथ घातली. अंगठा टम्म सुजलाय. पाइपला काही झालं नाही.

रात्री ठणका लागून झोप येईना, म्हणून मोबाइलवर 'पंच-ड्रंक लव्ह' लावला. २००२चा, ॲडम सँडलरचा. होस्टेलवर 'हॅपी गिलमोर' बघून तू झाडूनं गोल्फ खेळायचास, ट्यूबलाइट फोडलीस, तोच सँडलर. म्हटलं, तसलंच काही असेल, बघता बघता डोळा लागेल.

कसला लागतो! यात तो बॅरी इगन. कॅलिफोर्नियात त्याचं गोडाऊन आहे, संडास तुंबल्यावर वापरायचे रबरी पंप विकतो. मी अक्कलकोट रोडला टॉवेलचे गठ्ठे मोजतो, तो पंप मोजतो, एवढाच फरक. अंगात कायम एक निळा सूट. आणि बहिणी किती? सात! कामाच्या वेळी एकापाठोपाठ एकीचा फोन, संध्याकाळी येणार ना म्हणून. गेल्यावर विषय ठरलेला: लहानपणी तू चिडून काचेच्या दारावर हातोडा मारलास, आठवतं का रे? तो कसनुसं हसत ऐकून घेतो. आणि थोड्या वेळानं लाथा घालून त्या घरातल्या काचा फोडतो. मी अंथरुणात उठून बसलो.

पुढचं ऐक. तो मेहुण्याला बाजूला घेतो. तुम्ही डॉक्टर आहात, मला कधी कधी मीच आवडत नाही, काही करता येईल का, असं विचारतो. मेहुणा म्हणतो, अरे, मी दातांचा डॉक्टर. आणि हा ढसाढसा रडतो. लिहिताना मलाच हसू येतंय बघ. पडद्यावर येत नाही. सँडलरनं वेगळा अभिनय केलाय म्हणावं तर तसंही नाही. तेच अडखळणं, तोच एकदम भडकणारा राग. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसननं फक्त हसणारे काढून घेतलेत. उरतं ते बघवत नाही.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अँडरसनला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, विभागून. पण सिनेमाला खर्च अडीच कोटी डॉलर, आणि तिकिटांतून तेवढेसुद्धा आले नाहीत. लोकांना त्यांचा सँडलर हवा होता. आपण काय वेगळं केलं? आपल्या सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांनी १९९२ला लक्ष्मीकांत बेर्डेला घेऊन 'एक होता विदूषक' केला, लिहिला पु.लं.नी. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण गर्दी काही 'अशी ही बनवाबनवी'सारखी झाली नाही.

असो. बॅरीला लीना भेटते, एमिली वॉटसन. ती त्याचा फोटो बघून मुद्दाम आलेली असते, शेजारच्या गॅरेजात गाडी टाकायचं नुसतं निमित्त. पहिल्याच जेवणाला ती सहज म्हणते, तुझ्या बहिणीनं ती हातोड्याची गोष्ट सांगितली. झालं! हा उठून हॉटेलच्या बाथरूमची मोडतोड करून येतो, दोघांना बाहेर काढतात. पण ती त्याला सोडून जात नाही. आमची ताई असती तर तीच गोष्ट पुढच्या भाऊबीजेला आली असती.

मधे गाद्या विकणारा एक खंडणीखोर आहे, तो भाग मला तितकासा भिडला नाही. पुडिंगचा मात्र तुला आवडेल. पुडिंगच्या डब्यांवर विमानप्रवासाचे मैल फुकट मिळतात, त्या योजनेतली चूक बॅरी हेरतो आणि गोडाऊन पुडिंगनं भरतो. हे खरं घडलंय, बे! कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं १९९९ला १२,१५० पुडिंग घेऊन १२ लाखांवर मैल मिळवले, खर्च ३,००० डॉलरच्या आसपास. बॅरीला मात्र कळतं, मैल जमा व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. लीना हवाईला गेलेली. हा पदरचे पैसे घालून तिच्यामागे जातो.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात तुझी नोकरी गेली, तेव्हा तू साहेबाची नक्कल करून मला सांगितलंस. मी चांगला दहा मिनिटं हसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पुढं काय करणार, हे विचारलंच नाही. काल गच्चीवरून खाली आलो, तेव्हा मलाही कुणी काही विचारलं नाही. काय ठरवलंयस? नक्कल न करता लिही.

आणि हो, सिनेमाच्या सुरुवातीला एक वाजवायची पेटी रस्त्यावर येऊन पडते. कुणाची, कशाला, काही सांगत नाहीत. बॅरी ती उचलून आणतो, फाटक्या भात्याला चिकटपट्टी लावतो आणि एकेक सूर दाबून बघत बसतो. आज दुपारी मीही माळ्यावरून आजोबांची भजनाची पेटी काढली. भाता उंदरांनी कुरतडलाय. दोन पट्ट्या मारल्या, मधल्या सप्तकातले चार सूर लागले, बाकी नुसती हवा. पट्टीचा अर्धा रोल उरलाय. गड्ड्याच्या जत्रेला ये. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलंस की कळव, पहाटे स्टेशनवर येतो. तोवर अंगठा उतरेल.

तुझा,
बाळ्या