पाचशे रुपयांचं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितेय. ऑगस्ट २०२४ पासून मी दर महिन्याच्या ५ तारखेला म्युच्युअल फंडात, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर वगैरे घेणाऱ्या योजनेत, ५०० रुपये भरतेय. बाबा, लगेच रागावू नका, पूर्ण वाचा.

आपल्या घरात हा विषय का निघत नाही, ते मला ठाऊक आहे. पतसंस्था बुडाली तेव्हा मी सातवीत होते. बंद शटरसमोरच्या रांगेत तुम्ही मलाही नेलं होतं. घामाने पासबुकाच्या निळ्या कव्हरचा रंग तुमच्या बोटांना लागला होता. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. तेव्हापासून गुंतवणूक म्हटलं की मला ते शटरच दिसतं. नोकरीला सहा वर्षं झाली तरी माझा पगार बचत खात्यातच पडून असायचा.

म्हणून आधी एवढंच शोधलं, की फंड चालवणारी कंपनी बुडाली तर आपले पैसे कुठे जातात? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे तेव्हा आपल्याला कुणीच सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. फंडाला विमा नाही, पण त्याचे शेअर कंपनीच्या खिशात नसतात. ते वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे असतात आणि वर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, देखरेख असते. भाव मात्र पडू शकतो, त्याची हमी कुणीच देत नाही. मी साधा इंडेक्स फंड घेतलाय. निफ्टी म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी. त्याच कंपन्या, त्याच प्रमाणात. डायरेक्ट प्लॅन आहे, म्हणजे मधल्या एजंटाचं कमिशन जात नाही.

आणि भाव पडलाच. मार्च २०२५ च्या सुरुवातीला भरलेले ३५०० मोबाईलवर ३२०० च्या खाली दिसत होते. लाल आकडा. रात्री दोनदा उठून पाहिला. तीनशे रुपयांसाठी इतकी धडधड! सगळं काढून घ्यायला बोट बटणावर गेलं होतं. तेव्हा आई, तुझी पोस्टातली आरडी आठवली. शिलाईचे पैसे आले नाहीत त्या महिन्यातही तू हप्ता चुकवला नव्हतास. मी मोबाईल उलटा ठेवला आणि ५ तारखेचा हप्ता जाऊ दिला. तेव्हापासून एकही चुकलेला नाही.

तुमची एफडी मोडून यात घाला, असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या औषधपाण्याचे पैसे आहेत तिथेच राहू द्या. माझेही सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बँकेत वेगळे ठेवलेत. उरतं त्यातलंच इकडे जातं, आणि निदान दहा वर्षं त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून हप्ता १००० करतेय. बाबा, या वेळी तुम्हाला विचारून.

आई, नॉमिनी म्हणून तुझं नाव घातलंय. आधारवर तुझं नाव नक्की कसं छापलंय, त्याचा फोटो पाठव. स्पेलिंग जुळवून घेते.

तुमची,
ताई