तांडेलकाका, तुम्ही आम्हाला ऐकायला बसवलंत

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. "चष्मो लावन वाचूचो कंटाळो येता," असं तुम्ही सांगितलेलं माझ्या लक्षात आहे. आमच्या अध्यापक विद्यालयाच्या अहवालात तुमचा उल्लेख 'स्थानिक मार्गदर्शक' अशा दोन शब्दांत आला आणि ते मला लागून राहिलं. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या, मुलामुलींना घेऊन मालवणजवळच्या तुमच्या आचऱ्याच्या खाडीवर आले होते. परिसर अभ्यासाची अध्यापन पद्धती शिकवायची होती. प्रत्येकाला कोरा कागद दिला, मध्यभागी स्वतःसाठी एक फुली मारायला सांगितली. दहा मिनिटं बसायचं आणि जो आवाज जिकडून, जितक्या लांबून येईल, तो तिथे नोंदवायचा. निम्म्याहून जास्त कागदांवर एकच शब्द आला, 'शांतता'. ही मुलं ध्वनिप्रदूषणाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ज्या खाडीवर बसली होती, ती त्यांना ऐकू येत नव्हती. खरं सांगते काका, मलाही येत नव्हती. मी घाटावरची. समुद्र म्हणजे बघायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक.

तुम्ही पालथी घातलेल्या होडीशेजारी जाळं सांधत बसला होतात. "काय शोधतास?" म्हणून विचारलंत. मी कागद दाखवले. "शांतता? हय? खाडी बोलूची थांबली काय?" एवढं बोलून जाळं खाली ठेवलंत आणि मुलांना होडीच्या सावलीत बसवलंत. थोड्या वेळाने म्हणालात, "पाणी फिरला." सगळ्यांनी माना वळवल्या. पाणी होतं तसंच दिसत होतं. "बघू नकात. आयका."

नांगरलेल्या होड्या ओहोटीला एका दिशेला तोंड करून असतात. भरती लागली की त्या सावकाश फिरतात आणि पाण्याची चळपळ फळीवर दुसऱ्या बाजूने यायला लागते. हे तुम्ही समजावून सांगितलंत तेव्हा कळलं, आणि कळल्यावर ऐकू आलं. मग तिवरांच्या मुळांकडे नेलंत. चिखलातून तडतड ऐकू येत होती, तेलात मोहरी टाकावी तशी. मुलांना वाटलं, खेकडे. ती बोटाएवढी कोळंबी, तिची एक नांगी मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना आवाज होतो. ही माहिती मी नंतर वाचून काढली. तुम्हाला त्या आवाजाचा उपयोग माहीत होता: तडतड जोरात म्हणजे चिखल जिवंत. वाचलेलं आणि वापरलेलं यांतला फरक मी आजही वर्गात याच उदाहरणाने सांगते.

वल्ह्याचा दिवस तर कुणीच विसरलेलं नाही. तुम्ही चौघाचौघांना होडीतून खाडीच्या तोंडाशी नेलंत, वल्हं पाण्यात उभं धरलंत आणि दांड्याला कान लावायला सांगितलंत. ढोमा हा मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५०० मीटर. पुस्तकात या दोन संख्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात, पण त्यांचा काही उपयोग असतो हे त्या दांड्याने पटवलं. ढोमा आमच्या वाट्याला आला नाही. लांबच्या ट्रॉलरची घरघर तेवढी आली. "पूर्वी थवो आयकूक येय. आता इंजिनच आयकूक येता," म्हणालात. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोन्ही दोऱ्यांवर माणसं उभी करून पाण्याचा अंदाज घेण्यात तुमचं आयुष्य गेलं. तुमच्या त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते मुलांच्या मनात जास्त खोल गेलं.

त्यानंतर मी अभ्यासाला लागले. कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांनी साठ-सत्तरच्या दशकांत परिसराच्या आवाजांचा अभ्यास उभा केला. त्यांनी आवाजांचे काही प्रकार सांगितले. एक, कायम पाठीमागे असणारा आणि म्हणून कुणाचंच लक्ष नसलेला सूर. दुसरा, लक्ष वेधून घेणारा इशारा. तिसरा, त्या जागेची ओळख असलेला आवाज. डोळ्यांना जशी खूण, तशी कानांची खूण. मुलांना हे सांगितल्यावर पहिल्या प्रकाराला काय म्हणायचं यावर वाद झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गाज." पुढे काही बोलायची गरजच उरली नाही. समुद्राच्या आवाजाला आपल्याकडे आधीपासून स्वतःचा शब्द आहे. आणि पाऊस जवळ आला की गाज कशी जडावते, हे तर तुम्ही आम्हाला मे महिन्यात किनाऱ्यावर उभं करून ऐकवलंत.

आवाजाच्या मागे लागून भूगोल कळतो, हेही तुमच्यामुळेच समजलं. कुडोपीच्या सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं बघायला आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, कुडोपी त्यांतलंच एक ठिकाण. पण सड्याचं वर्णन लिहायला सांगितलं तर बहुतेकांनी 'पडीक, ओसाड' असं लिहिलं. सरकारी कागदावरही सडे बऱ्याचदा पडीक जमीन म्हणूनच असतात, त्यामुळे मुलांना दोष कसा द्यायचा? मी तुमच्याकडे हे बोलले. तुम्ही म्हणालात, "पावसात जावा. आणि पाण्याच्या मागसून जावा."

आम्ही जुलैत गेलो. मुलांनी छत्र्या उघडल्या आणि छत्रीवरच्या पावसाशिवाय काहीच ऐकू येईना. मग छत्र्या मिटल्या. सगळे भिजत उभे राहिले, आणि कातळावरच्या डबक्यांतून बेडकांनी जो कल्लोळ उठवला तो मी शब्दांत मांडू शकत नाही. मग पाण्याच्या मागे निघालो. वर कातळाच्या भेगांतून बारीक झुळझुळ. उतारावर कलमांच्या मुळाशी पाणी गप्प होतं, ते जांभ्यात मुरत होतं. आणखी खाली, जांभ्याखालच्या चिकण मातीपाशी, झरा पुन्हा बोलायला लागला. मग पऱ्या, मग वहाळ, मग मळ्यातल्या लावणीतून माणसांच्या हाका. सडा पाणी पितो, विहिरींना पोसतो, हे वाक्य त्या दिवशी कुणाला पाठ करावं लागलं नाही. त्यांनी ते चालून आणि ऐकून मिळवलं.

त्याच वाटेवर चिऱ्याची खाण लागली. यंत्र पावसामुळे बंद होतं. खणलेल्या खड्ड्यात पाणी साठलेलं, पण बेडकांचा आवाज अगदी तुरळक. मुलांनी तिथेच भांडायला सुरुवात केली. चिरे नकोत तर घरं कशाची बांधायची? माझं घरही चिऱ्याचंच आहे. मी निकाल दिला नाही. शिक्षक होणाऱ्यांनी असा प्रश्न अंगावर घेऊन घरी जाणं मला महत्त्वाचं वाटतं.

आणि गावपळण. तुम्ही बोलावलं नसतं तर आमची यायची हिंमत झाली नसती. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहतो. यामागचं कारण प्रत्येक घरात वेगळं सांगतात आणि त्यात शिरण्याचा अधिकार मला नाही. आम्ही तुमच्या राहुटीपाशी पाहुणे होतो. पहाटे तुम्ही उठवलंत आणि पाण्याच्या कडेला नेलंत. आमच्या बाजूला कोंबडे आरवत होते, भांडी वाजत होती, लहान मुलं रडत होती. पलीकडे गाव. तिथून कोंबडा आरवला नाही, कुत्रं भुंकलं नाही, पंप सुरू झाला नाही. आधी रातवा थांबला. मग तांबटाची टुकटुक सुरू झाली, मग कुटुर्र, मग इतके पक्षी की नोंद करणाऱ्यांचे हात थांबले. त्या सकाळी काढलेले नकाशे मी जपून ठेवलेत. अर्धा कागद माणसांनी भरलेला, अर्धा पाखरांनी, मधून पाण्याची रेघ. एकाही कागदावर 'शांतता' हा शब्द नव्हता.

काका, पर्यावरणाचं शिक्षण सर्व स्तरांवर द्यावं असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. तेव्हापासून आम्ही ते देतो आहोत. तक्ते, घोषवाक्यं, जून महिन्यातली प्रभातफेरी. मीही अनेक वर्षं तेच केलं आणि मनापासून केलं. पण जी जागा कानाने ओळखीची नाही, तिच्याबद्दल माणूस हळहळेल तरी कसा? एका वरिष्ठांनी मला विचारलं होतं, "याला गुण कसे देणार?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता माझ्याकडे एक उत्तर आहे. तुमच्या होडीतून गेलेली एक मुलगी आज खाडीकाठच्या दोन शिक्षकी शाळेत आहे. तिने मला फोनवर आवाज पाठवला. खिडकीतून येणारं पाणी, आणि तिसरीतला एक मुलगा मध्येच ओरडतो, "बाई, पाणी फिरला!" मग सगळा वर्ग गप्प होतो. नंतरचे वीस सेकंद त्यात फक्त खाडी आहे.

तो आवाज नातवाच्या फोनवर पाठवला आहे, नक्की ऐका.

येत्या १८ जुलैला शेफर यांचा जन्मदिवस. जगात बऱ्याच ठिकाणी हा दिवस परिसर ऐकण्यासाठी म्हणून पाळतात. आमची नवीन तुकडी त्या दिवशी खाडीवर येईल. या वेळी अहवालात काय लिहायचं ते मी ठरवलंय: 'मार्गदर्शक' नाही, 'शिक्षक'. तुमची परवानगी हवी. आणि त्या दिवशी पाणी किती वाजता फिरेल, तेवढं कळवा. त्या वेळेच्या तासभर आधी गाडी दारात उभी करते.

काकींना नमस्कार. त्यांच्या हातच्या सोलकढीचे आभार वेगळे, ते प्रत्यक्ष भेटीत.

आपली नम्र,
घाटावरली बाय