सहकर्जदाराच्या सहीआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिक्षणकर्जाचे बँकेचे मंजुरीपत्र आज दुपारी आले. काल फोनवर "इथल्या शिक्षणात असे काय कमी आहे?" असे मी रागाने विचारले आणि तू काही न बोलता फोन ठेवलास, ते मनाला लागून राहिले. म्हणून मी हिशेब पुन्हा मांडायला बसलो.

जर्मनीतल्या स्टुटगार्टची फी खरोखरच जड नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो, म्हणजे चार सत्रांचे 6,000 पडतात. जड आहे तो व्हिसासाठी आधीच खात्यात भरून दाखवायचा वर्षाचा खर्च. ते 11,904 युरो आपलेच असले तरी तुला त्यातून दरमहा 992च मिळणार, आणि त्यात खोलीचे भाडे, आरोग्यविमा व जेवण भागवायचे. काटकसर करायची वेळ आली की तू ती जेवणातच करशील, हे मला ठाऊक आहे.

पाचवीत शिबिरात तुझे मनगट मोडले होते आणि पैसे भरले आहेत म्हणून तू दोन दिवस कोणालाही सांगितले नव्हतेस. आई अजूनही पावसाळ्यात ते मनगट चाचपून पाहते. डोक्यावर कर्ज असताना आजारी पडलीस, अभ्यास झेपेनासा झाला, तरी तू तशीच गप्प राहशील, याचीच मला भीती वाटते. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, असे तू उत्साहाने सांगितलेस. मला मात्र थंडीत रात्रपाळीहून एकटी परतणारी तू दिसलीस. कामाच्या मागे लागण्याआधी जर्मन पक्की कर, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी डॉक्टरकडे आणि पुढे नोकरीत तीच लागेल. हा पुन्हा उपदेशच झाला, राग मानू नकोस.

इरावतीबाई कर्वे 1928 च्या सुमारास बर्लिनला निघाल्या, तेव्हा प्रत्यक्ष धोंडो केशव कर्व्यांनाही ते पसंत नव्हते. त्या कर्ज काढून गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूसही आपल्या सुनेपाशी अडखळला, हे आठवून मला धीर आला आणि कालच्या बोलण्याची लाजही वाटली. आपल्या घरातून एवढ्या दूर शिकायला जाणारी तू पहिलीच; आप्पा असते तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले असते.

सहकर्जदार म्हणून मी उद्या सही करतो. मिरजेच्या जागेचा विषय आता काढू नकोस, काकांशी बोलणे झाले आहे. शिक्षण अर्धवट सोडून परतावेसे वाटले तरी ये, हप्त्यांचे मी पाहीन. पण दुखले-खुपले तर त्याच दिवशी सांग.

काल फोन ठेवल्यावर जेवलीस का, तेवढे कळव.

तुझे,
बाबा