यादीत तू आहेस, मावशी नाही

जोगेश्वरी (पूर्व),
१६ जून २०२४

प्रिय मंगल,

२० मेच्या रात्री बोलता बोलता मी फोन ठेवून दिला आणि नंतर तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. आज सगळं लिहूनच काढते. फोनवर सांगायला घेतलं की मला रडू येतं आणि तू विषय बदलतेस.

आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर आटोक्यात, माझा गुडघा आहे तसाच. झालं.

त्या रात्री तू एवढंच म्हणालीस ना, "मतदानाची सुट्टी मिळाली की तुम्हा मुंबईकरांना लोणावळा आठवतं." हे भांडण आपलं कॉलेजपासूनचं. एरवी मी तासभर वाद घातला असता. पण त्याच दुपारी मी आपल्या कमलमावशीला मत न देताच घरी आणून सोडलं होतं गं.

तुला माहीतच आहे, १९६७ पासून तिने एक मतदान चुकवलेलं नाही. आपल्याला लहानपणी बरोबर न्यायची आणि येताना बोटावरची शाई सगळ्या चाळीला दाखवायची. आता एकोणऐंशीची आहे. घरून मत द्यायची सोय पंच्याऐंशीच्या पुढच्यांना, आणि असती तरी हिने घेतली नसती. सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार. आपल्याच शाळेत केंद्र. रांग फाटकाबाहेर पार रेशनच्या दुकानापर्यंत, वर छप्पर नाही, मे महिन्याचं ऊन. बाजूच्या खोलीची रांग सरकत होती, आमची जागची हलेना. का, ते कोणी सांगेना.

दोन तास उलटून गेल्यावर टेबलापाशी पोचलो, तर नाव नाही. "कार्ड आहे हो माझं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आजी, कार्ड असून चालत नाही, यादीत नाव लागतं." नियमाने तो टेबलावरचा कर्मचारी बरोबरच होता, आणि त्याच्या हातातही काही नव्हतं. दुसऱ्या खोल्यांतल्या याद्या पाहिल्या, तिथेही नाही. बाहेर पक्षाच्या टेबलावरच्या मुलाने पान काढून दाखवलं. तिच्या नावावर आडवा शिक्का, कमी केल्याचा, आणि बाजूला एस. म्हणजे स्थलांतरित. चाळ पाडली तेव्हा ती मेघवाडीत भाड्याने राहत होती ना, तेवढ्यात कोणीतरी नाव उडवलं. नव्या इमारतीत परत येऊन तिला किती काळ झाला! मावशी त्या मुलाला काय म्हणाली माहितेय? "मेली असं नाही ना लिहिलंय? मग ठीक." तो पोरगा हसला. मला नाही हसू आलं.

आणि मंगल, त्याच पानावर तू होतीस. माहेरच्या नावाने, जुन्या खोली नंबरासकट. लग्न होऊन नागपूरला जाऊन तुला इतकी वर्षं झाली तरी तू आहेस, आणि ती तिथेच राहून नाही.

मी नंतर शोधून वाचलं. जागा सोडली म्हणून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे ते. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं होतं की एकदा यादीत आलेलं नाव असं परस्पर काढता येत नाही. त्या खटल्यात आपल्या मुंबईचेही मतदार होते. मावशीला नोटीस निघाली असलीच, तर पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर निघाली असेल.

रांगेत आणखी काय काय पाहिलं. मोबाईल आत न्यायचा नाही, बाहेर ठेवायची सोय नाही, म्हणून एकटी आलेली मुलंमुली फाटकावरून परत. माझ्या पुढचा एक जण, बहुतेक वॉचमन असावा, घड्याळ बघत बघत शेवटी ड्युटीला निघून गेला. संध्याकाळी सहाला रांगेत असणाऱ्यांना चिठ्ठ्या वाटतात, सगळ्यांचं मत होईपर्यंत केंद्र चालू ठेवतात. पण अकरा वाजताच नाइलाजाने गेलेल्याला कसली चिठ्ठी?

माझं दुखणं हे आहे. अशा माणसांची नोंद कुठेच होत नाही. टक्केवारी निघते तेव्हा वॉचमन आणि लोणावळ्याला गेलेला एकाच खात्यात पडतात. मावशी तर त्या हिशोबातही नाही, कारण यादीतच नाही. मग दुसऱ्या दिवशी पेपरवाले लिहितात, मुंबईकर उदासीन. आणि तू फोनवर तेच म्हणतेस! २०१४ ला पुण्यात दादाचं नाव गायब झालं तेव्हा तूच किती भडकली होतीस. मुंबईत तर एचडीएफसीच्या दीपक पारेखांचंही नाव नव्हतं. त्या वेळी निवडणूक आयुक्त ब्रह्मा यांनी माफी तरी मागितली होती.

४ जूनला आपल्या उत्तर-पश्चिम मुंबईचा निकाल तू ऐकलाच असशील. ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. अठ्ठेचाळीस मतांचा फरक. कोण जिंकलं यावर आपण पुन्हा कधीतरी भांडू. पण तेव्हापासून मी त्या रांगेतली गेलेली माणसं डोळ्यांपुढे आणते. एका शाळेच्या एका फाटकावरून किती परतली असतील?

मुग्धाला बारावीबद्दल शाबासकी सांग. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? तुझी बदली रद्द झाली हे बेस्ट. सवडीने लिही.

मावशीचा फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, मी भरून घेतलाय, बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणारी बाई, घरी येऊन गेली, आता यादीत नाव येईपर्यंत मी पाठ सोडणार नाही. दिवाळीच्या आसपास विधानसभा आहे. तुझं नाव नागपूरच्या यादीत असेलच, मग इथलं नाव काढायला तू फॉर्म ७ भर. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. ऑनलाइन होतं, मुग्धाला सांग, ती करून देईल. भरलास की संदर्भ क्रमांक मला पाठव.

तुझी,
नीला