टिप कुणाला, किती आणि कधी

ती. बाबा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार,

मावशी-काका आठवडाभर फोंड्याला येणार, म्हणजे पणजीला जेवण, गाडी ठरवून जुनं गोवं आणि मंगेशी-म्हार्दोळ, मध्येच सिलिंडर संपणं, हे सगळं एकदम अंगावर येणार. बाबांनी विचारलं होतं, कुणाच्या हातावर किती ठेवायचे? फोनवर आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवते. रोज बिलांमध्येच असते, तेव्हा हे खात्रीने सांगू शकते.

आधी जेवणाचं बिल. पैसे काढण्याआधी ते वरून खाली वाचा. वर पदार्थांची बेरीज असते. खाली सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के असतात. तो सरकारचा कर, तो द्यायचाच. वाढणाऱ्या मुलाशी त्याचा संबंध नाही. पदार्थांची बेरीज आणि कर यांच्या मध्ये ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर थांबा. हे पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात, पुढे मुलांना किती मिळतात ते तो ठरवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की हा आकार बिलात परस्पर लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. तेव्हा भीड न ठेवता म्हणा, “सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.” नवीनच बिल मागा, कारण त्या आकारावरही कर चढलेला असतो. समजा, जेवण १,६०० रुपयांचं झालं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज १६०, मग १,७६० वर पाच टक्के कर ८८, एकूण १,८४८. तो काढला की १,६०० अधिक ८० म्हणजे १,६८०. फरक १६८ चा. नुसते १६० परत देऊन बोळवण करतील, ती चालवून घेऊ नका. ऐकलंच नाही, तर बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. काका “जाऊ दे” म्हणतील, त्यांचं ऐकू नका.

मग टिप. ती कराआधीच्या रकमेवर धरायची. शेवटचं शून्य झाकलं की दहा टक्के निघतात, त्याचं अर्धं म्हणजे पाच. तुमच्या चौघांच्या त्या जेवणाला शंभर रुपये व्यवस्थित झाले. मावशीसाठी हुमण (माशांची आमटी) कमी तिखट करून आणलं, सोलकढी पुन्हा विचारली, मासळी ताजी नाही हे आपण होऊन सांगितलं, तर दीडशे द्या. असं खरं सांगणारा माणूस मिळणं सोपं नाही. टिप कार्डावर किंवा काउंटरच्या क्यूआरवर देऊ नका, ते पैसे मालकाच्या खात्यात जातात. रोखच द्या. काही ठिकाणी सगळ्यांचा मिळून एक डबा असतो, त्यात स्वयंपाकघरातल्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांचाही वाटा असतो. तसा डबा असेल तर पैसे त्यातच टाका, मला ती पद्धत जास्त न्यायाची वाटते. सकाळच्या भाजी-पावाच्या हॉटेलात टक्केवारी नको. सुटे पाच-दहा ठेवलेत तर उत्तम, नाही ठेवलेत तरी कुणाला वाईट वाटत नाही.

गाडी ठरवताना पाच गोष्टी आधीच बोलून घ्या: किती तास, किती किलोमीटर, वर गेलं तर काय दर, पार्किंग कुणाचं, एसी धरून की वेगळा. भांडणं याच्यावरून होतात, टिपवरून नव्हे. मग विचारा, “गाडी तुमचीच का?” स्वतःची असेल तर भाड्यातच त्याची कमाई आली, टिपची गरज नाही. पगारी ड्रायव्हर असेल तर दिवसाला दोनशे रुपये, शेवटी, त्याच्याच हातात. मालकाला भाड्याबरोबर पाठवले की त्याला मिळतीलच असं नाही. एका विशिष्ट हॉटेलातच जेवायचा फार आग्रह झाला, तर तिथे त्याचं कमिशन असू शकतं. जेवण तुम्ही ठरवाल तिथेच करा. आणि बाबा, पैसे वाचतात म्हणून पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसणं आता पुरे.

सिलिंडरचं नीट लक्षात ठेवा. पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. “वर चढवायचे पन्नास” असा दर कुठेही नाही. पण १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड खांद्यावर घेऊन सिलिंडर आणणारा माणूस तीन जिने चढतो, आपल्याकडे लिफ्ट नाही. म्हणून तीस रुपये आपल्या मनाने द्या, पण क्रम चुकवू नका. आधी सील बघा. मग काट्यावर वजन करायला सांगा. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि ताडून बघा. झाकण काढून वॉशर आणि गळती तपासून घ्या. मग मोबाइलवर आलेला डिलिव्हरीचा कोड सांगा, बिलाचे पैसे द्या आणि शेवटी हे तीस. कोड आधी दिला की सिलिंडर नोंदीत पोचलेला ठरतो, मग वजन कमी भरलं तरी आपलं म्हणणं लंगडं पडतं.

सरकारी कचेरीत किंवा सरकारी इस्पितळात काहीही द्यायचं नाही. काम लवकर व्हावं म्हणून दिलेले पैसे टिप नसतात. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. खासगी इस्पितळात वॉर्डातल्या मावशींना द्यायचे तर घरी सोडताना द्या. रोज दिले की शेजारच्या खाटेवरच्या माणसाची आबाळ होते.

कामवाल्या बाईंचं चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, मात्र सढळ हाताने करा. वर्ष झालं असेल तर पूर्ण महिन्याचा पगार, आणि तो चवथीच्या आठ दिवस आधी. आदल्या दिवशी दिलेत तर तिचा माटोळीचा (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचा) बाजार उसनवारीवर होतो. आई, तू साडी देतेस ती दे, पण पैशांच्या बदली नको. वॉचमनसाठी सोसायटी वर्गणी काढते, तिथे पुन्हा द्यायची गरज नाही.

उद्याच बँकेतून दहा-वीसच्या नोटा आणून ठेवा. आणि पणजीत बिलातली एखादी ओळ कळली नाही, तर टेबलावरूनच मला फोटो पाठवा, पैसे देण्याआधी.

तुमची,
ताई