नागपूर-मुंबई : कुठून कुठपर्यंत?

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात नागपूर-मुंबई प्रवासाचा तक्ता आला होता. विमान दीड तास, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, रेल्वे ८३७ किलोमीटर. तो वाचून सातवीतली नात म्हणाली, "आजोबा, मुंबई नक्की किती लांब आहे?" बत्तीस वर्षे मध्य रेल्वेत गार्ड होतो (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), तरी अडखळलो.

८३७ हे रुळांचे अंतर. गाडी बडनेरा, भुसावळ, मनमाड करत कसारा घाट उतरते, तेव्हा सीएसएमटी येते. ७०१ ही रस्त्याची लांबी, आणि तो रस्ता मुंबईत जातच नाही, भिवंडी तालुक्यात आमने येथे संपतो. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे ६९० किलोमीटर भरतात. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमाने रात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरून पिशव्यांची अदलाबदल करत, ती नागपूर मधोमध म्हणूनच. वडील आर.एम.एस.मध्ये (रेल्वे टपाल सेवेत) होते, त्यामुळे घरात ही गोष्ट शंभरदा ऐकलेली.

आता तो दीड तास. मुलाकडे डोंबिवलीला जाताना सवयीने वेळा टिपतो. नोकरी सुटली, पण रफ जर्नल (गार्डची वेळा टिपायची वही) काही हातातून सुटले नाही. जानेवारीतली नोंद : छापील वेळ ७.१० ते ८.४५. दार बंद ७.१६. चाके सुटली ७.२४, मुंबईत टेकली ८.३६, जागेवर उभे ८.४३. सहा मिनिटे उशिरा निघूनही 'वेळेआधी पोहोचलो' अशी घोषणा झाली आणि शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने मान डोलावली. मला हसू आले. हवेत फक्त ७२ मिनिटे, छापील मात्र ९५. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एका वेळी चालवता येत नाहीत. गर्दीत विमाने घिरट्या घालतात, म्हणून वेळापत्रकात आधीच जादा मिनिटे घातलेली असतात. त्यात गैर काही नाही, आम्हीही हेच करायचो. अजनी स्थानक ते नागपूर स्थानक जेमतेम तीन किलोमीटर, पण वेळापत्रकात त्याला किती वेळ दिलेला असतो ते कोणीही उघडून पाहावे!

परतीला उलटे झाले. दार लागल्यावर ३८ मिनिटे जमिनीवरच रांगेत. मग समुद्राकडे उडून, वळसा घेऊन पूर्वेला. हवेत मात्र ६६ मिनिटेच लागली, कारण हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर.

जाताना अजनीचे घर सोडले ५.१५ ला, डोंबिवलीची बेल वाजवली १०.५० ला. म्हणजे ५ तास ३५ मिनिटे. आपल्या तक्त्यातला दीड तास यात कुठे बसतो ते मी नातीला सांगू शकलो, पण विमानाचे पहिलेच तिकीट काढणाऱ्याला ते कोण सांगणार? तक्ता पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे 'कुठून कुठपर्यंत' असा एक रकाना घाला, एवढीच विनंती. माझ्या नोंदी हव्या असल्यास पाठवतो. अक्षर मात्र चालत्या गाडीतले आहे.

— एक निवृत्त गार्ड, अजनी, नागपूर