आईच्या उशाजवळची दुसरी डबी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत आले तेव्हा आईच्या उशाजवळ दोन डब्या दिसल्या. एक बीपीची, दुसरी गुडघ्यांची. "ती काय रोजची नाही, दुखलं तरच घेते," म्हणाली. पण आठवड्याला गोळ्यांचा एक पत्ता संपतो, हे बाबांच्याच तोंडून निघालं. मेडिकलमधून आणतात तेच!

आई, ती गोळी डायक्लोफेनॅकची. बीपीच्या डबीत टेल्मिसार्टन आहे आणि लघवीवाटे पाणी काढणारी एक. आता बघ: गुडघ्याची गोळी किडनीत रक्त येण्याची वाट आवळते, टेल्मिसार्टन बाहेर जाण्याची वाट सैल सोडते, तिसरी अंगातलं पाणीच कमी करते. मग किडनीच्या गाळणीवर रक्ताचा जोर राहणार कसा? शिवाय दुखण्याच्या गोळीने बीपीही वाढतं. जुलैत तुझा डोस वाढवला तो त्यामुळेच, असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना या डबीचा पत्ताच नव्हता.

बाबा, गावाबाहेर गिधाडं उतरायची ना? आजारी गुरांना हेच औषध देत. ती गुरं मेल्यावर गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन पटापट मरायची. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आई काही गिधाड नाही (हे वाचून ती रागावणार), आणि कधीमधी घेतलेल्या एका गोळीने लगेच काही होतं असंही नाही. पण सत्तरीत, बीपीच्या या दोन गोळ्यांसोबत, आठवड्याला पत्ता? नको.

आणि बाबा, तळव्यांना मुंग्या येतात त्याला तुम्ही "साखरेचंच" म्हणून सोडून देता. असेलही. पण बारा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन चालू आहे, त्याने बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून कमी शोषलं जातं, त्यात आपलं शाकाहारी घर. बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या अशाच येतात, आणि ते भरून काढता येतं. रक्त तपासून घ्या. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सोमवारी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, फळीवरच्या आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. आईची किडनी कशी आहे ते कळायला तिचं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा. गुडघ्यांसाठी दुसरं काय घ्यायचं तेही विचारा, नाहीतर ती पुन्हा त्याच डबीकडे वळेल.

पिशवी बाबांनीच भरावी. मागच्या खेपेला आईने हिंगाची डबी नेली होती.

तुमची,
चिऊ